हात कुठल्या कपड्याकडे जातो : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

आजपासून ही वही. प्रश्न एकच आहे: मला आवडणारे कपडे आणि मी खरोखर घालते ते कपडे वेगवेगळे का? कपाटात दोन्ही शेजारी शेजारी टांगलेले आहेत. एकीकडे हौसेनं घेतलेले, अधूनमधून काढून बघायचे आणि परत ठेवायचे. दुसरीकडे धुऊन वाळले की लगेच अंगावर चढणारे. माझी म्हणून काही शैली असेल तर तिचा धागा या दोन ढिगांच्या मध्ये कुठेतरी असणार.

कामाची पद्धत अशी ठरवली आहे. हे चालू असेपर्यंत नवं काही घ्यायचं नाही. संध्याकाळी कपडे बदलताना लिहायचं: काय घातलं होतं, दिवसात त्याच्याकडे लक्ष कधी गेलं आणि कशामुळे गेलं. छान दिसलं की नाही, ते लिहायचं नाही. ते त्या दिवसाच्या मनःस्थितीवर आणि आरशातल्या उजेडावर फार ठरतं. सारखी खाली ओढावी लागलेली कड मात्र रोज तीच गोष्ट सांगते.

९ जानेवारी

आणखी एक रकाना वाढवला: त्या दिवशी कामाचं स्वरूप काय होतं. माझा बराच वेळ उभं राहून शिकवण्यात, फळ्यावर लिहिण्यात जातो. बसून वाचण्याचे दिवस वेगळे. कपड्यांना एकच मोजपट्टी लावून चालणार नाही.

२४ जानेवारी

नोंदी वाचून काढल्या. लक्ष जाण्याची कारणं चकित करणारी आहेत. 'रंग आवडला नाही' हे जवळपास कुठेच नाही. आहे ते असं: हात वर केला की सदरा कमरेवरून उचलला गेला. गळा मागे सरकत राहिला. पँट बसल्यावर पोटात रुतली. खिसा इतका उथळ की किल्ल्या हातातच धराव्या लागल्या. पाठीला कापड चिकटलं.

म्हणजे 'आवडतो पण घातला जात नाही' या कोड्याचं मोठं उत्तर डोळ्यांपाशी नसून खांद्यापाशी, काखेपाशी आणि कमरेपाशी आहे. हे मला महत्त्वाचं वाटतं. शैलीबद्दल वाचायला गेलं की रंग, प्रसंग, जोड्या लावणं, यावरच सगळा भर असतो. पण ज्या कपड्यात माणूस दिवसभर स्वतःला सावरत राहतो, तो कपडा त्याचा होणार कसा? बघणाऱ्यालाही आधी ते सावरणंच दिसतं.

२ फेब्रुवारी

सारखे घातले जाणारे कपडे पलंगावर सपाट पसरून मोजले. एका खांद्याच्या शिवणीपासून दुसरीपर्यंत, काखेखाली छाती, पाठीची उंची, बाही, मुंढ्याची (बाही जिथे जोडतात त्या भोकाची) खोली. मग तीच मापं न घातल्या जाणाऱ्यांची घेतली.

सारख्या घातल्या जाणाऱ्या वरच्या कपड्यांमध्ये खांदा ३८ ते ३९ सेंटीमीटर. बाकीच्यांमध्ये ४१, ४२, एकात चक्क ४४. त्यातल्या बहुतेकांच्या गळ्यामागे साइजचं अक्षर मात्र एकच! छातीचं माप ठीक होतं म्हणून ते घेतले गेले, आणि खांदा दंडावर उतरत राहिला.

साइज या प्रकाराचा इतिहास वाचला. अमेरिकेच्या कृषी खात्यासाठी रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी १९३९–४० मध्ये सुमारे १५,००० स्त्रियांची मापं घेतली. प्रत्येकीची पन्नासहून जास्त मापं. उद्देश हाच की तयार कपड्यांना काही एक सामाईक आधार मिळावा. त्यावर बेतलेलं मानक १९५८ साली आलं आणि १९८३ मध्ये मागेही घेतलं गेलं. शरीरं एका आकड्यात मावत नाहीत: छाती सारखी असलेल्या दोघींचे खांदे, कंबर, धड यांचं प्रमाण अगदी निराळं असतं. शिवाय आज प्रत्येक कंपनी आपापल्या मनातल्या एका शरीरावरून मापं वाढवत-घटवत नेते. गळ्यामागचं अक्षर म्हणजे त्या शरीराचं नाव. ते माझ्याबद्दल काहीच म्हणत नाही. ज्यांना दुकानाच्या ट्रायल रूममध्ये कपडा चढेना म्हणून स्वतःच्या अंगाची लाज वाटली आहे, त्यांनी टेप घेऊन एकदा हे करून बघावंच.

११ फेब्रुवारी

हात वर केला की सगळा सदरा वर येतो, ही तक्रार घेऊन शिंप्याकडे गेले. माझी समजूत होती की मुंढा तंग आहे, तो खाली खोल करून घेतला की हात मोकळा होईल.

"काका, मुंढा दोन बोटं खाली घेता येईल का?"

"घेता येईल ताई, पण मग हात अजूनच अडकेल. तुम्हाला मुंढा वर हवाय."

त्यांनी टाचण्या लावून दाखवलं तेव्हा पटलं. मुंढा खोल असला की बाही बरगडीच्या बाजूला बऱ्याच खालपर्यंत जोडलेली असते. हात उचलला की बाही ती बाजू, म्हणजे पर्यायानं अख्खा कपडा, आपल्याबरोबर वर ओढते. मुंढा काखेच्या जवळ असेल तर हात जवळजवळ स्वतंत्रपणे हलतो. बाहीच्या वरच्या गोलाईचाही यात वाटा असतो. गोलाई उंच असेल तर हात खाली सोडल्यावर बाही सरळ, सुबक पडते, पण वर उचलताना ताणते. गोलाई बसकी असेल तर हात मोकळा फिरतो आणि खाली सोडल्यावर काखेत थोड्या चुण्या पडतात. दोन्ही एकदम पूर्ण मिळत नाही. मला चुण्या चालतील, कारण माझा हात वर असतो. दिवसभर हात खाली ठेवून बसणाऱ्या माणसानं उलट निवडावं.

काकांनी आणखी एक सांगितलं: तयार कपड्यात कंबर, उंची, बाहीची लांबी सहज दुरुस्त होते, खांदा नाही. खांदा बदलायचा म्हणजे बाही उसवून, मुंढा नव्यानं कापून, पुन्हा बसवायची. आणि खोल कापलेला मुंढा तर वर घेताच येत नाही, कारण तिथे कापडच उरलेलं नसतं. म्हणून घेताना आधी खांदा बघायचा: शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर येते का. मग मुंढा. बाकीचं नंतर. आणि शिवणीत माया, म्हणजे आत दुमडून राखलेलं जादा कापड, आहे का हे उलटून बघायचं. माया नसलेला कपडा ढिला करता येत नाही.

२३ फेब्रुवारी

कापडाचा दिवस. चिकटणाऱ्या, टोचणाऱ्या, कुबट होणाऱ्या कपड्यांच्या आतल्या पट्ट्या वाचल्या.

धागा हवेतली किती ओल स्वतःत घेतो याचे आकडे ठरलेले आहेत. प्रमाणित हवेत, म्हणजे २० अंश सेल्सिअस आणि ६५ टक्के आर्द्रतेला, पॉलिएस्टर आपल्या वजनाच्या जेमतेम ०.४ टक्के ओल घेतं. सूत ७–८ टक्के, रेशीम ११ च्या आसपास, लिनन १२, लोकर त्याहूनही जास्त. पॉलिएस्टर घाम पोटात घेतच नाही. कापडाची वीण मोकळी असेल तर तो पसरून वाळतो, घट्ट असेल तर कातडी आणि कापड यांच्यामध्ये साचतो. माझे 'पाठीला चिकटलं' असे जवळजवळ सगळे शेरे घट्ट विणीच्या, झुळझुळीत, आतून गुळगुळीत कापडांचे आहेत. नेमके तेच कपडे मी सर्वांत हौसेनं घेतले होते, कारण टांगलेले असताना ते फार सुंदर पडतात.

पडणं हीदेखील शैलीचीच बाब आहे, आणि ती वजनावर आणि विणीवर ठरते. दर चौरस मीटरला १०० ते १२० ग्रॅमचं पॉपलिन शर्टाला छान. त्याचा स्कर्ट केला तर तो अंगापासून फुगून उभा राहतो. तोच स्कर्ट उरेब कापला, म्हणजे कापड उभ्या-आडव्या धाग्यांना ४५ अंशांत तिरकं धरून, तर तो ओघळतो, चालताना पावलांच्या मागून येतो. फ्रेंच पोशाखकार मादलेन व्हियोने यांनी १९२० च्या दशकात या तिरक्या कापावर अख्खे पोशाख उभे केले. आधी लहान लाकडी बाहुलीवर कापड गुंडाळून बघायच्या, मग मोठ्या मापात. माझ्याकडचा एकुलता एक उरेब स्कर्ट का सारखा घातला जातो, हे आज कळलं. रंग तर त्याचा अगदी साधा राखाडी आहे.

८ मार्च

रंगाकडे उशिरा आले, आणि तेच बरं झालं.

खिडकीशी, दिवसाच्या उजेडात, चेहऱ्याला काहीही न लावता, वेगवेगळे कपडे हनुवटीखाली धरून बघितले. बघायचं कपड्याकडे नव्हे, चेहऱ्याकडे. डोळ्यांखालची छाया गडद होते की विरते, ओठ उठून दिसतात की फिके पडतात. ट्यूबच्या उजेडात हे करू नये. दोन कापडं एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात साफ वेगळी दिसतात.

गळ्याशी धरलेल्या रंगानं चेहरा बदलतो, यामागचं कारण फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजेन शेव्रल यांनी शोधलं होतं. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत ते रंगाईचे संचालक होते. काळा रंग फिका लागतो अशी तक्रार आली. रंग तपासला तर त्यात खोट नव्हती. काळ्याशेजारी निळे-जांभळे धागे होते आणि त्यांच्यामुळे तो मलूल दिसत होता. शेजारचे रंग एकमेकांना बदलतात, यावर त्यांनी १८३९ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात कातडी, केस आणि पोशाख यांच्या रंगांचाही विचार केला. गळ्याशी असलेला रंग चेहऱ्याचा शेजारी असतो, म्हणून त्याचा परिणाम सर्वांत जास्त. कमरेखालच्या रंगाला तेवढी सत्ता नाही. जो आवडतो पण चेहऱ्याला मारतो, तो खाली घालावा. इतकं सोपं आहे.

माणसांची ऋतूंप्रमाणे विभागणी करून रंगांच्या याद्या देण्याची पद्धत मी थोडी करून पाहिली. सुरुवात करायला ती चालते. पण माझ्या चेहऱ्याला खरा फरक पडला तो रंगाच्या नावानं नव्हे, गडद-फिक्यातल्या अंतरानं. केस काळे, कातडी सावळी. मधल्या-गडद, दबक्या रंगांत चेहरा शांत दिसतो: शेवाळी, वांगी, विटकरी, गडद निळा. शुभ्र पांढरा आधी स्वतःच बोलतो. किंचित पिवळट पांढऱ्यात मात्र चेहरा उजळतो.

१५ मार्च

आडवे पट्टे जाड दाखवतात हे लहानपणापासून ऐकत आले. पण जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्त्स यांनी १८६७ मध्येच लिहून ठेवलं आहे की आडव्या रेघांनी भरलेला चौकोन उंच आणि अरुंद भासतो. २०११ मध्ये यॉर्क विद्यापीठातल्या पीटर थॉम्पसन आणि किरिआकी मिकेलिदू यांनी माणसांच्या आकृत्यांवर तपासलं, तेव्हाही आडव्या पट्ट्यांनी अंग रुंद दिसलं नाही. पट्ट्यांचा सदरा पुन्हा पुढे टांगला.

'तुझ्या अंगाला हे शोभत नाही' छापाची बाकीची वाक्यंही एकेक करून तपासायला हवीत. ती बोलणाऱ्याची खात्री मोठी असते, आधार क्वचितच.

२ एप्रिल

मैत्रिणीनं फोटो काढून दिले: समोरून, बाजूनं, पाठीमागून, आणि चालताना. मग मी ते फोटो इतके लहान केले की चेहरा आणि नक्षी दिसेनाशी झाली, फक्त आकार उरला.

या एका खटाटोपानं महिन्यांच्या नोंदींना रूप आलं. जे पोशाख मी नकळत पुन्हा पुन्हा घातले, त्यांचा बाह्याकार एकच आहे: वर खांद्याला नेमका, छातीखाली थोडा सैल, मांडीच्या वरच्या तिसऱ्या भागात संपणारा सदरा, खाली घोट्यापर्यंत सरळ किंवा जरा रुंद होत जाणारा घेर. रंग निराळे, कापड निराळं, आकार तोच. न घातलेल्यांमध्ये बरेच कपडे कमरेला आवळून बरोबर मध्ये तोडणारे आहेत. ते फोटोत वाईट दिसत नाहीत, पण त्यातली बाई मला ओळखीची वाटत नाही.

आणि उंचीची विभागणी: वरचा कपडा कुठे संपतो यावर पाय लांब-आखूड दिसतात. चार बोटांचा फरक फोटोत फार मोठा पडतो. कपडा बदलण्याआधी दुमड बदलून बघायला हवी.

१९ एप्रिल

ज्यांचा पेहराव मला नेहमी खुणावतो अशांची चित्रं समोर घेऊन बसले. मेक्सिकोची चित्रकार फ्रिडा काहलो आणि अमेरिकेची चित्रकार जॉर्जिया ओकीफ. दोघी दोन टोकं.

फ्रिडाला सहाव्या वर्षी पोलिओ झाला, उजवा पाय बारीक राहिला. १९२५ च्या बस अपघातानं कणा मोडला आणि पुढे आयुष्यभर कॉर्सेटची, म्हणजे पाठीला आधार देणाऱ्या ताठ पट्ट्याची, साथ. तिचे ते तेहुआना (दक्षिण मेक्सिकोतल्या तेहुआंतेपेकच्या बायकांच्या) पद्धतीचे लांब, घेरदार परकर पाय झाकत. वरचा चौकोनी, सैल, कमरेत न आवळणारा 'हुइपिल' कॉर्सेटवरून सहज बसे, आणि बसलेल्या माणसाच्या अंगावर तो चुरगळून गोळा होत नाही. भरतकाम, दागिने, केसांतली फुलं, म्हणजे सगळी शोभा वर, जिथे समोरच्याची नजर तिला हवी होती. मेक्सिकोच्या मातीशी आणि आईच्या घराण्याशी असलेलं नातंही त्यात होतं, राजकीय भूमिकाही होती. १९५४ मध्ये तिच्या मृत्यूनंतर घरात बंद केलेले हे कपडे २००४ मध्ये बाहेर आले, तेव्हा शरीराची गरज आणि मनाची निवड एकाच शिवणीत कशी आली होती हे बघायला मिळालं. तिचे कपडे मला घालायचे नाहीत. तिनं ते ज्या क्रमानं निवडले असतील तो क्रम मला हवा आहे: आधी शरीर काय मागतं, मग नजर कुठे न्यायची, मग मी कुणाची कोण.

ओकीफनं उमेदीच्या वर्षांत स्वतःचे कपडे स्वतः शिवले. बारीक, नेटकी टीप. पुढे एखादा आकार पटला की त्याच्या आणखी प्रती करून घेतल्या. तिचे गुंडाळून बांधायचे झगे असेच अनेक. २०१७ मध्ये ब्रुकलिन म्युझियमनं तिच्या चित्रांशेजारी तिचे कपडे मांडले होते. एक आकार सापडल्यावर त्याला धरून राहण्यात कंटाळवाणं काही नाही, हे तिच्याकडून घेण्यासारखं आहे. त्यातच ती वर्षानुवर्षं दुरूनही ओळखू येत राहिली.

जर्मन समाजशास्त्रज्ञ जॉर्ज झिमेल यांनी १९०४ मध्ये फॅशनबद्दल लिहिलं की तिच्यात दोन ओढी एकत्र असतात: इतरांसारखं असण्याची आणि इतरांहून वेगळं दिसण्याची. मला वाटतं, रोज या दोन ओढींमध्ये निवड करायला लागणं फार थकवतं. स्वतःचा आकार पक्का झाला की तो थकवा जातो.

६ मे

'साधी', 'मोकळी', 'कलात्मक' अशी तीन विशेषणं निवडून त्यांवर कपाट बेतायचं, अशी एक पद्धत आहे. करून पाहिली. विशेषणं सुंदर होतात, पण कपड्यावर तपासता येत नाहीत. 'मोकळी' म्हणजे किती सेंटीमीटर?

म्हणून त्याऐवजी कपडा हातात घेऊन हो किंवा नाही म्हणता येईल अशी वाक्यं लिहिली. खांद्याची शिवण हाडावर. मुंढा काखेच्या जवळ. दोन्ही हात वर केल्यावर पोट उघडं पडत नाही. खिशात हात मनगटापर्यंत जातो. गळ्याशी मधला-गडद, दबका रंग. कापड बहुतांशी सूत, लिनन किंवा लोकर. खालचा घेर पावलाला मोकळा. आणि शेवटचं, जे मोजता येत नाही: हा घालून अचानक कुणी महत्त्वाचं माणूस भेटलं तर मला बरं वाटेल.

१४ मे

वाक्यांत न बसणारे कपडे वेगळे काढले. काही दुरुस्तीला, बरेच ज्यांना होतील त्यांना दिले.

एक ठेवला. मोहरी रंगाचं, पाठीवर दाट भरतकाम असलेलं जाकीट. खांदा रुंद, रंग चेहऱ्याला जड, हात वर जात नाही. तरी ते अंगावर आलं की मी ताठ उभी राहते आणि खोलीभर फिरावंसं वाटतं. वर्षातून थोड्या वेळाच घातलं जाईल. नियम रोजच्या कपड्यांसाठी केले आहेत. या आनंदाला ते लावायचे नाहीत.

२२ जून

या वाक्यांत बसेल असा सदरा काकांकडून शिवून घ्यायचा ठरवला. त्याचा मांजरपाटाचा कच्चा नमुना तयार झाला. आवडत्या सदऱ्यावरून मापं, मुंढा दोन सेंटीमीटर वर, बाहीची गोलाई थोडी बसकी, बाजूला खोल खिसे. घालून फळ्यावर लिहिल्यासारखं केलं, वाकले, खाली मांडी घालून बसले. पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये ओढ जाणवली. काकांनी तिथे खडूनं खूण केली आणि पाठीला मधोमध एक उलटी चुणी द्यायची ठरली. उभी असताना ती मिटलेली राहील, हात पुढे गेला की उघडेल.

स्वस्त कापडावर आधी असं करून बघण्याला पर्याय नाही. कागदावर किंवा आरशासमोर उभं राहून पाठीची ओढ कळली नसती.

१३ जुलै

पहिला पक्का सदरा, शेवाळी लिननचा, सलग वापरात आहे. वहीत त्याच्यापुढे लिहायला काही सापडत नाही. लक्षच जात नाही. तोच त्याचा सर्वांत मोठा गुण.

कपड्यांचा मनावर परिणाम होतो का, यावर हायो अ‍ॅडम आणि अ‍ॅडम गॅलिन्स्की या संशोधकांचा २०१२ चा एक अभ्यास फार सांगितला जातो: डॉक्टरचा म्हणून दिलेला पांढरा कोट घातलेल्यांचं लक्ष जास्त एकाग्र झालं. पण त्यातला पहिला प्रयोग २०१९ मध्ये मोठ्या गटावर पुन्हा केला तेव्हा कोटाचा परिणाम दिसला नाही. म्हणून 'अमुक घाला, आत्मविश्वास येईल' हे मी कुणाला सांगणार नाही. माझ्या वहीतून निघतं ते त्याहून लहान आहे आणि मला त्याची खात्री आहे: सावरण्यात जाणारं लक्ष वाचतं, आणि ते शिकवण्याकडे जातं.

१७ ऑगस्ट

त्याच बेतावर विटकरी सुती सदरा झाला. तिसरा पातळ लोकरीचा, गडद निळा, थंडीसाठी करायचा आहे. लोकरीला अस्तर फक्त खांद्यांना आणि बाह्यांना लावावं, म्हणजे चढवायला सोपं आणि पाठ श्वास घेईल, असं काका म्हणतात.

सदऱ्यांचं झालं. आता पँट. तिथे खांद्याची जागा सीटची गोलाई, म्हणजे दोन पायांमधून पुढून मागे जाणारी वळणदार शिवण, घेते: पुढची आणि मागची गोलाई माझ्या अंगाच्या मानानं आखूड असली की बसल्यावर मागून कंबर खाली सरकते आणि पुढून रुतते. जानेवारीतल्या 'पोटात रुतली'चं मूळ बहुधा हेच. आवडती पँट उलटी करून, एक पाय दुसऱ्यात घालून, ही गोलाई कागदावर उतरवून घेतली आहे. कापड जाडसर सुती ट्विल, काळसर तपकिरी. कापण्याआधी ते धुऊन वाळवायला टाकलं आहे. आटायचं तेवढं आत्ताच आटू दे.